ताटावरचा आडवा हात

मुलांनो, सुट्टीत आजीच्या गावाला गेलात की उंबऱ्यातच पहिलं वाक्य कोणतं ऐकू येतं? हा प्रश्न मी माझ्या वर्गात विचारला, तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "किती बारीक झालास रे!" दिवाळीच्या फराळानंतर ज्यांचे गणवेश घट्ट झाले होते, तीही मुलं ओरडणाऱ्यांत होती!

आणि त्या वाक्याच्या पाठोपाठ काय येतं? ताट! शिगोशीग भरलेलं ताट. लाडू एक मागावा तर दोन मिळतात. नको म्हणावं तर तीन.

आज मला तुमच्याशी या 'नको'बद्दल बोलायचंय. दोन अक्षरांचा शब्द. पहिलीतलं पोरही वाचू शकेल. पण पंगतीत बसून तो म्हणणं भल्याभल्यांना जमत नाही. मलाही जमत नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात चौथीला शिकवते. आमच्याकडे तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा सपाटा सुरू होतो. गेल्या डिसेंबरमध्ये गावातल्याच एका लग्नाला मी गेले होते. मांडवात पंगत बसली होती. समोरच्या रांगेत माझ्या वर्गातला एक मुलगा बसला होता. (नाव सांगत नाही. "बाई, माझं नाव छापायचं नाही," असं त्यानंच बजावलंय.) त्याचं पोट भरलं होतं, हे मला इकडूनही दिसत होतं. तेवढ्यात वाढपी बुंदीची बादली घेऊन आला. मुलानं पत्रावळीवर आडवा हात धरला. अगदी रीतसर, मोठी माणसं धरतात तसा.

वाढपी म्हणाला, "अरे, एवढ्यानं काय होतंय? जवान गडी तू!" आणि त्यानं सरळ त्या हातावरच बुंदी घातली. बोटांच्या फटींतून ती पत्रावळीवर सांडली. आजूबाजूचे सगळे हसले. मुलगा ओशाळला, त्यानं हात काढून घेतला. मग काका म्हणाले, "पानात टाकायचं नाही हं!" त्यानं मान खाली घालून ती सगळी बुंदी खाल्ली.

सोमवारी तो शाळेत आला नाही. मंगळवारी आला, तेव्हा तोंड सुकलेलं होतं.

"काय रे, काय झालं?"

"उलट्या झाल्या, बाई. रात्रभर."

"मग नको म्हणायचं नाहीस का?"

त्यानं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "म्हटलं होतं की. हात पण आडवा धरला होता. तुम्ही बघितलं ना, बाई!"

बघितलं होतं. आणि हसणाऱ्यांत मीही होते.

त्या दिवशी तिसऱ्या तासाला परिसर अभ्यासाचं पुस्तक बाजूला ठेवून मी वर्गाला विचारलं, "नको असताना तुम्हाला कुणी कुणी खायला लावलंय?" असे हात वर झाले म्हणता! एकीचा मामा पुण्याहून येताना थंड पेयाची मोठी बाटली आणतो आणि "मामा रोज रोज येतो का?" म्हणत ग्लासवर ग्लास भरतो. एकाला चुलतभाऊ चिडवतात, "चार पुऱ्यांत गार झालास?" एका मुलीच्या मैत्रिणी रोज पाच-पाच रुपये काढून मधल्या सुट्टीत पाकिटं घेतात. हिनं एकदा पैसे दिले नाहीत, तर तिला लंगडीत घेतलं नाही. आणि एक मुलगा सगळ्यांत शेवटी, अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी डब्यातली भाकरी झाकून खातो. पोरं हसतात."

बघा, सगळ्यांना खायला लावणारी माणसं त्यांच्या आवडीचीच होती. शत्रू असता तर 'नको' म्हणणं किती सोपं गेलं असतं! मामाला कसं म्हणायचं?

आता माझी एक गोष्ट सांगते. माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. त्यांना मधुमेह झाला तेव्हा मी नुकती डी.एड. होऊन नोकरीला लागले होते. आपण खाल्लेल्या अन्नातली साखर रक्तात येते. रक्तातून ती पेशींमध्ये शिरावी म्हणून आपल्या स्वादुपिंडात इन्शुलिन नावाचं द्रव्य तयार होतं. वडिलांना झालेल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर त्या इन्शुलिनला नीट दाद देत नाही, मग साखर रक्तातच साचून राहते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, गोड कमी करायला सांगितलं. घरी ते सगळं पाळत. पण नात्यागोत्याचा माणूस! लगीनसराईत आठवड्याला दोन-दोन लग्नं. प्रत्येक पंगतीत कुणीतरी जिलबी घेऊन उभंच. "आण्णा, एकानं काय होतंय?" "आण्णा, आमच्या घरचं चालत नाही होय?" वडील भिडस्त. समोरच्याचा हात मागे जाऊ द्यायचे नाहीत.

पुढे एकदा नव्या चपलेनं त्यांच्या पायाला जखम झाली. त्यांना ती कळलीच नाही. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायातल्या नसा बधिर होऊ शकतात, दुखणं जाणवत नाही. कळलं तेव्हा जखम चिघळली होती. पायाचं एक बोट काढावं लागलं.

एका जिलबीनं बोट जात नाही, हे मलाही कळतं. पण त्या 'एका'ला मोजणारं कुणी नव्हतं. प्रत्येकानं एकच वाढली होती. आणि वाढणाऱ्यांत मी पण आहे. माझ्या लग्नात मी माझ्या हातानं त्यांना जिलबी भरवली होती. फोटो आहे त्याचा. आमच्या घरी भिंतीवर लावलेला आहे.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा वर्ग अगदी गप्प झाला. मग कोपऱ्यातून आवाज आला, "बाई, आपण 'नको' म्हणायची प्रॅक्टिस करू या ना!"

झालं! दुसऱ्या दिवशी वर्गातच पंगत बसली. पत्रावळी कागदाच्या, बुंदी म्हणजे चिंचोके. निम्मी मुलं वाढपी, निम्मी पाहुणे. वाढप्यांनी काय वाट्टेल ते करून वाढायचं आणि पाहुण्यांनी न भांडता, न रुसता नको म्हणायचं. वाढपी इतके रंगात आले की एकीनं चक्क डोळ्याला पदर लावला. (ओढणीचा!) "मी एवढी रांधली, आणि तुम्ही खात नाही!"

या खेळात मुलांनी ज्या युक्त्या शोधल्या, त्या मी काही शिकवल्या नव्हत्या. एकीच्या लक्षात आलं, की वाढप्याला पत्रावळीवरची रिकामी जागा दिसते, तो तिथेच वाढतो. म्हणून तिनं चार चिंचोके शेवटपर्यंत ठेवूनच दिले. कुणी आलं की म्हणायची, "आहे की अजून!" एकानं सुरुवातीलाच सांगून टाकलं, "अर्धीच वाढा, लागली तर मागून घेईन." एक पठ्ठ्या वाढप्यालाच म्हणाला, "बुंदी झकास झालीय. आता मठ्ठा आणा बघू!" वाढपी मठ्ठा आणायला पळाला. कुणाला काहीतरी आणून दिलं की वाढणाऱ्याचं समाधान होतं, हे त्या पोराला बरोबर कळलं होतं.

खोटं बोलणारे मात्र फसले. "पोटात दुखतंय" म्हणणाऱ्याला वाढप्यांनी लगेच आजीबाई होऊन ओवा चावायला दिला आणि "चला दवाखान्यात, सुई टोचू" म्हणून उचलायलाच आले. आणि "शी! मला नाही आवडत" म्हणणाऱ्यावर सगळा वर्गच रागावला. कुणीतरी चुलीपुढे बसून रांधलेलं असतं. त्याला नावं ठेवायची नाहीत, हे ठरलं.

घाईघाईनं जेवणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. पोट भरू लागलं की तसा निरोप मेंदूकडे जातो, पण तो पुरता कळायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. गावची पंगत तेवढ्यात उठते सुद्धा! म्हणून सावकाश जेवणाऱ्याला 'पुरे' म्हणणं सोपं जातं, त्याचं पोटच त्याला आतून सांगतं.

मग आम्ही वळलो पाकिटं आणि बाटल्यांकडे. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं आपल्या शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितलं. कोणत्या पदार्थात किती साखर असते आणि ती जास्त झाल्यानं काय होतं, हे मुलांना दिसावं म्हणून. आमची जिल्हा परिषदेची शाळा काही त्या मंडळाची नाही, पण चांगली गोष्ट उचलायला परवानगी कशाला? मुलांनी रिकाम्या बाटल्या आणि वेष्टनं आणली. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत दर १०० मिलीलिटरमागे किंवा १०० ग्रॅममागे साखर किती, ते लिहिलेलं असतं. एका बाटलीवर आकडा होता ११ ग्रॅम. बाटली २५० मिलीलिटरची. आता करा गणित! अडीच गुणिले ११, म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅम. एका चहाच्या चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर मावते. म्हणजे साडेपाच चमचे!

मी टेबलावर ग्लासभर पाणी ठेवलं आणि त्यात मोजून साडेपाच चमचे साखर घातली. मामावालीला विचारलं, "पितेस?" ती म्हणाली, "ईऽऽ, बाई!" थंडगार असताना, फसफसत असताना जिभेला तेवढा गोडवा जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी हवी, आणि विसाव्या हिश्शाच्या आत राहिली तर आणखी चांगलं. मोठ्या माणसाच्या हिशेबानं हा विसावा हिस्सा म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तुमचा तर त्याहून कमी. मामाचा एक ग्लास म्हणजे दिवसभराची साखर संपलीच म्हणायची. (फळातली साखर यात धरत नाहीत. तेव्हा बोरं, पेरू खुशाल खा.)

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना असे जास्त साखरेचे, मिठाचे, तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम आहे. मुलांनी लगेच मोजपट्टी काढली. फाटकासमोरचं दुकान निघालं १८ मीटरवर! आम्ही दुकानदार काकांना जाऊन सांगितलं. ते हसले, सगळ्यांना एकेक फुटाणा दिला. पाकिटं अजून तिथेच लटकताहेत. पण फुटाण्याची बरणी आता पुढे आलीय, हेही खरं.

आणि एक पाकीट माझ्याही टेबलाच्या खणात होतं. पाढे म्हणून दाखवणाऱ्याला मी गोळी द्यायची, किती वर्षं! एका मुलीनं खण उघडा असताना पाहिलं आणि नुसतं "बाई...?" एवढंच म्हणाली. आता पाढे म्हणणाऱ्याला शाळेची घंटा वाजवायला मिळते. तिला गोळीपेक्षा जास्त मागणी आहे.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग एके दिवशी बुंदीवाल्या मुलाची आजी शाळेत आली. व्हरांड्यात उभी राहिली, आत यायला तयार नाही.

"बाई, पोरास्नी काय शिकवाय लागलाय तुम्ही?"

झालं असं होतं, की आजी रोज नातवाला तूप-साखर-पोळी करून द्यायची, वरून आणखी चिमूटभर साखर. शाळेत निघताना हातावर दहा रुपये ठेवायची, पाकिटासाठी. नातवानं एका सकाळी आडवा हात धरला. "नको, आजी." आमच्या खेळातलं अगदी पहिल्या नंबराचं 'नको'! दहा रुपयेही परत दिले. आजी त्या रात्री जेवली नाही. "माझ्या हातचं नको झालं त्याला," म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. या वेळी खरा.

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. जरा वेळानं ती बोलायला लागली. १९७२च्या दुष्काळात ती आठ-नऊ वर्षांची होती. विहिरी आटल्या, ज्वारी गेली, गुरं गेली. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, ही धाकट्या भावाला काखेत घेऊन मागोमाग. कामावर सुकडी मिळायची, पीठ भाजून त्यात गूळ घातलेली. रेशनला मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना मोडायची आणि गिळताना घशात अडकायची. साखर घरात दिसायची ती सणालाच. "भाऊ रडायचा बाई, साखर दे म्हनून. आई रिकामा डबा उघडून दाखवायची." आजी थांबली. मग म्हणाली, "तवा मी ठरवलं, माझ्या घरात पोरानं हात फुडं केला तर हात रिकामा जायचा न्हाय."

मुलांनो, तुमच्या ताटात पडणाऱ्या त्या तिसऱ्या लाडवात हे असं काहीबाही असतं. जिनं रिकामा डबा पाहिलाय, तिला भरलेल्या ताटाची भीती कशी वाटणार? तिच्या लहानपणी मूल उपाशी राहण्याची काळजी होती. आजच्या पाच रुपयांच्या पाकिटाची तिला काय कल्पना? मी वर्गाला 'नको' शिकवलं होतं, पण 'नको'च्या पुढे काय म्हणायचं, ते शिकवायचं राहूनच गेलं होतं.

ते त्या मुलालाच सुचलं. तो वर्गातून बाहेर आला आणि आजीला चिकटून म्हणाला, "आजी, साखर नको. मला तुझी शेंगाची चटणी दे ना डब्यात. खलबत्त्यातली. मिक्सरमधली नको." आजी त्याच्याकडे बघतच राहिली. खलबत्ता म्हणे चार वर्षं माळ्यावर होता!

आता त्याच्या डब्यात भाकरी-चटणी असते, आणि चटणीवर अख्ख्या वर्गाचा डोळा असतो. भाकरी झाकून खाणारा मुलगाही आता त्याच्याशेजारी बसतो. भारतानं सुचवल्यावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे अख्खं वर्ष ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, हे मी त्याला सांगितलंय. "तुझ्या डब्यासाठी जगानं एक वर्ष राखून ठेवलं होतं, आणि तू झाकतोस?" तो लाजला, पण झाकण बाजूला ठेवलं. दहा रुपये? ते कधीकधी अजून मिळतात आणि कधीकधी पाकीटही येतं. येऊ दे. सणाला पुरणपोळी खावी, लग्नात बुंदी खावी, मागून खावी! आपल्याला हवी म्हणून खावी, एवढंच.

आई-बाबांनो, हे चार शब्द तुमच्यासाठी. पाहुण्यांसमोर मुलानं "नको" म्हटलं की आपल्याला ओशाळल्यासारखं होतं आणि आपण डोळे वटारतो. तसं करू नका. त्या क्षणी मूल तुमच्याकडेच बघत असतं. तुम्ही नुसतं "राहू द्या, त्याचं झालंय" म्हणालात, तरी त्याचा हात ताटावर टिकतो. दहा वर्षांच्या पोरानं एकट्यानं सगळ्या मांडवाशी लढावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांच्याजवळ बसून वाढप्याला थांबवायचं काम मुलांकडे द्या. माझा सहा वर्षांचा भाचा हे काम करतो. आजोबांच्या ताटावर स्वतःचा हात आडवा धरतो आणि म्हणतो, "आमच्या आजोबांचं झालंय!" त्या इवल्याशा हातावर जिलबी टाकायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही. वडील मिश्या पिळत हसतात.

जानेवारीत त्या आजीनं सगळ्या वर्गाला शेतावर हुरड्याला बोलावलं. बांधाजवळ आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची, फुंकर मारली की हिरवे गरम दाणे! सोबत दही, गुळाचा खडा, आणि अर्थातच ती चटणी. पोरांच्या तोंडांना काळं लागलं होतं, मलाही लागलंच असणार. चार-पाच मुठी झाल्या. माझं पोट गच्च भरलं. आजी पुन्हा ओंजळ भरून पुढे आली.

"घ्या बाई, एवढा घ्या. एवढ्यानं काय होतंय?"

"नको हो आजी, खूप झालं," म्हणत मी पानावर हात आडवा धरला. आजीची ओंजळ माझ्या हातावर येऊन थांबली. मला वाटलं, आता पडणार!

"ए आजी," आगटीपलीकडून नातू ओरडला, "बाईंनी हात आडवा धरलाय, दिसत नाही का?"

आजी खदाखदा हसली. ओंजळ तशीच धरून तिनं इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याच्याच पानावर रिती केली. "मग तू खा. लई बारीक झालायस!"